डोंगर हिरवा, झर कोरडी

मामाच्या घरामागे, पडवीला लागूनच, एक दगडी डोण आहे. वरच्या रानातल्या झरीचं पाणी पूर्वी पोफळीच्या पन्हळीतून तिच्यात पडायचं, पुढे काळा पाइप आला. तोटी कधी बसवलीच नाही. रात्रंदिवस धार चालू असायची, डोण भरून वाहायची आणि उतू गेलेलं पाणी पाटाने पोफळी-केळींकडे जायचं. लहानपणी मे महिन्यात आम्ही भावंडं एसटीतून उतरून घरी पोचलो की आधी त्या धारेखाली मनगटं धरायचो, इतकं ते पाणी गार. यंदा शिमग्याआधी गेले तर डोण कोरडी. तळाच्या शेवाळाच्या पापड्या सुटून वर आल्या होत्या आणि पाइपाच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलं होतं. मामी बोअरची मोटर लावून वीज जायच्या आत पिंपं भरून घेत होती. मामा पायरीवर बसला होता. त्याने डोंगराकडे हात केला आणि म्हणाला, "सांग गो बाय, डोंगर तर हिरवोगार आसा. मगे पाणी खंय गेला?"

त्याला खरंच कळत नव्हतं. आयुष्यभर त्याने शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, एसटीच्या पाठीवर एकच गोष्ट वाचली होती, झाडं लावा म्हणजे पाणी राहील. त्याने लावली. पाठीवर काजूची कलमं वाहून नेऊन, प्रत्येक खड्ड्यात शेण-माती घालून, पहिल्या दोन उन्हाळ्यांत कळशीने पाणी घालून लावली. पाऊस कमी पडला म्हणावं तर गेल्या श्रावणात वाडीच्या रस्त्यावर दरड आली होती, इतका तो कोसळला होता. मी तेव्हा काहीतरी बोलले, हवामान बदलतंय वगैरे. त्याने मान हलवली. पण पुण्याला परत येताना आंबोली घाट चढेपर्यंत तो प्रश्न माझ्या मांडीवर बसून होता, आणि अजूनही उठलेला नाही.

मावशीच्या लग्नाचा एक फोटो आमच्याकडे आहे, १९८३ सालचा. मांडवाच्या कमानीमागे तोच डोंगर दिसतो. फोटोचे रंग उडालेत, तरी एवढं कळतं की डोंगर तेव्हा आजच्याइतका हिरवा नव्हता. मधे मधे तांबडे चट्टे, एका बाजूला जाळून काळा केलेला उतार, कुठे खुरटी झुडपं, वर सड्याची, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळपठाराची, पिवळट रेघ. झरीच्या आसपास तेवढा गडद ठिपका. परक्या माणसाला तो फोटो आणि आजचा मोबाइलवरचा फोटो शेजारी ठेवून दाखवला तर तो म्हणेल, वा, केवढी सुधारणा.

आणि त्या चट्टेपट्टेवाल्या डोंगरातून मे महिन्यापर्यंत पाणी येत होतं.

दोडामार्ग तालुक्यातला तिलारी खोऱ्याकडचा हा भाग. धरण खाली आहे, वरच्या वाड्यांना झरच. आजोबांच्या वेळी डोंगराचे तीन भाग होते. माथ्यावर सडा, मधे रान, पायथ्याला भरड जमीन आणि तिच्याखाली भाताचे कुणगे. मधल्या उतारावर नाचणी आणि वरी व्हायची. एक तुकडा तोडायचा, जाळायचा, एक-दोन पावसाळे पेरायचा आणि मग सोडून द्यायचा. सोडलेल्या तुकड्यात दिंडा, कुडा, करवंदीच्या जाळ्या माजायच्या, आणि त्यांच्या आडोशाने किंजळ-ऐनाच्या जुन्या बुंध्यांना धुमारे फुटायचे. इंग्रजांच्या वनखात्याने या कुमरी शेतीला जंगलाचा शत्रू ठरवलं आणि तिच्यावर बंदी आणली. ती शेती काही निर्दोष नव्हती. पण कोयतीने तोडलेल्या झाडाची मुळं जमिनीत जिवंत राहतात. बुंधा पुन्हा फुटतो, मुळांच्या वाटांनी पाणी आत उतरत राहतं. जेसीबीने उपटलेल्या झाडाचं असं काही उरत नाही. त्याच्याबरोबर हात-दीड हात माती वर येते, उलटीपालटी होते, दाबली जाते, आणि पहिल्याच मृगाच्या सरीत लाल होऊन व्हाळाला, म्हणजे ओढ्याला लागते.

झरीच्या डोक्यावरचं रान मात्र कोणी तोडत नसे. ती देवचाराची, म्हणजे राखणदार देवाची जागा. लाकडाला जायचं ते उजव्या अंगाने, तिकडे नाही. वर्षातून एकदा नारळ ठेवायचा, बाकी वेळी वाट वाकडी करून जायचं. आजी आम्हाला झरीपर्यंत नेई आणि तिथून पुढे पाऊल टाकू देत नसे. एकदा ती झरीचा गाळ काढत असताना मी त्या रानाच्या कडेला बसून पातेऱ्यात हात खुपसला होता. तो स्पर्श मला अजून आठवतो. वरची पानं कुरकुरीत, उन्हाने तापलेली. त्याखाली मऊ, तपकिरी, शिरांची जाळी तेवढी उरलेली पानं. त्याखाली काळा भुगा, त्यात पांढऱ्या बुरशीचे धागे, एक गोगलगाईचा शंख. आणि मनगट आत गेल्यावर ओल. डिसेंबर संपून जानेवारी लागला होता, पाऊस थांबून तीन महिने होत आले होते आणि जमीन ओली होती. वास पहिल्या पावसासारखा नव्हता. जुन्या लाकडी पेटाऱ्यात कोणी काहीतरी ओलं ठेवून विसरून गेलंय, असा काहीसा तो होता.

पातेरा गावातही गोळा व्हायचाच. गोठ्यात गुरांखाली घालायला, तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेची भाजावळ करायला बायका कवळ आणि पातेरा डोक्यावरून आणायच्या. डोंगर काही अस्पर्श नव्हता. पण तो सगळा एकाच वेळी, एकाच हाताने झाडला जात नव्हता.

मग काजू आला. आला म्हणजे काय, तो आधीपासून होताच. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेला गावठी काजू कुंपणाकडेला, व्हाळाकाठी, जिथे बी पडेल तिथे उगवत होता. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राची मोठ्या बियांची कलमं आली, आणि पडीक म्हणून ओळखला जाणारा अख्खा उतार ओळीने लागवडीखाली आला. मी त्या योजनेला नावं ठेवणार नाही. कोकणातला तरुण मुंबईच्या गिरणीत जायचा, गिरण्या बंद झाल्या, आणि त्याच सुमारास डोंगराने पहिल्यांदा घरात रोख पैसे आणले. मामाने काजूवर घराला चिरेबंदी भिंत घातली, धाकट्याला अभियांत्रिकीला घातलं, मामीच्या डोळ्यांचं ऑपरेशन केलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोंडांचा तो आंबूस गोड वास अंगणभर पसरला की घरात एक प्रकारची निश्चिंती असते. ती मला माहीत आहे, मीही त्या वासात वाढले.

पण काजूखालची जमीन एकदा बघा. काजूची बी पिकली की बोंडासकट खाली पडते आणि खालूनच वेचावी लागते. गवतात, पातेऱ्यात पडलेली बी सापडत नाही. म्हणून हंगामाआधी बाग साफ करायची. पूर्वी कोयतीने, आता ग्रासकटरने, आणि मजूर मिळेनासे झाल्यापासून तणनाशकाच्या पंपाने. पानं ओढून ढीग करायचे, पेटवायचे. मामाची बाग मी पाहिली, ती त्याच्या अंगणाइतकी स्वच्छ आहे. तिथे मी बोट रुतवून पाहिलं. रुतलं नाही. वरचा थर भाजलेल्या विटेसारखा टणक आहे, त्यावर मागच्या पावसाने कोरलेल्या बारीक ओघळी आहेत, आणि जागोजाग काजूची मुळं उघडी पडलीत.

आमच्याकडे साडेतीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने डोंगराने जे आत घेतलं त्यावर काढायचे. म्हणजे हा सरळ जमाखर्च आहे. जमिनीत मुरलं ते जमा, झाडांनी पिऊन पानांवाटे हवेत सोडलं तो खर्च, आणि उरेल ते झरीला. झाडं पाणी आणतात असं आपण म्हणतो तेव्हा खर्चाची बाजू पाहतच नाही. झाड पाणी पितं, भरपूर पितं, जंगलातलंही पितं. जंगलाची गोष्ट वेगळी होते ती जमेच्या बाजूला. तिथे पानांच्या तीन-चार मजल्यांवरून घरंगळत आलेला पाऊस पातेऱ्यावर पडतो, पातेऱ्याखालच्या माती-मुळं-वाळवी-गांडुळांच्या पोकळ्यांत शिरतो, आणि धो धो सरीतसुद्धा फारसा वाहून जात नाही. गोव्यापलीकडच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात शास्त्रज्ञ जगदीश कृष्णस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीच्या उतारांवर हे मोजलं आणि २०१३ मध्ये मांडलं. मूळ जंगलाखाली भूजलाची भर सर्वांत जास्त, वर्षानुवर्षं तोड आणि चराई सोसलेल्या उताराखाली सर्वांत कमी, आणि बाहेरून आणून लावलेल्या अकेशियाची लागवड या दोहोंच्या मधे. लागवडीने उजाड जमीन थोडी सावरते, पण जंगलाची बरोबरी करत नाही. हे वाचलं तेव्हा मला १९८३ चा तो फोटो थोडाफार उलगडला. त्या डोंगरावरचे बरेचसे तुकडे कोवळ्या झुडपांचे होते, त्यांचा खर्च कमी होता, मुळं जिवंत होती, आणि झरीच्या डोक्यावरचा गडद ठिपका शाबूत होता. आज डोंगरभर पूर्ण वाढलेली, बारमाही हिरवी, तहानलेली झाडं उभी आहेत आणि त्यांच्याखालची जमीन झाडून पुसून घट्ट केलेली आहे. खर्च वाढला, जमा घटली.

आता काजूच्याही वरच्या अंगाला रबर आलंय.

दोडामार्ग-सावंतवाडीकडे केरळहून आलेल्या मंडळींनी जमिनी घेऊन रबर लावायला सुरुवात केली, आता गावचे लोकही लावतात. कारणं समजण्यासारखी आहेत. माकडं रबर खात नाहीत, गवे तोंड लावत नाहीत. २००२ पासून या तालुक्यात हत्ती येतायत. माड, केळी, भात यांचं काय होतं ते ज्याच्या बागेतून कळप गेला त्यालाच विचारावं. रबराचा चीक वर्षातले बरेच महिने मिळतो, हातात पैसे खेळते राहतात. पण लागवडीसाठी उतारावर पायऱ्या कापतात, आणि आतल्या आत तिरकं झिरपत झरीकडे चाललेलं पाणी अशा काप्याशी आलं की मधेच उघड्यावर येतं आणि वाहून जातं. शिवाय रबराची स्वतःची एक सवय आहे. ते जानेवारीच्या सुमाराला पानं गाळतं आणि ऐन कोरड्या दिवसांत नवी तांबूस पालवी धरतं. चीनच्या युनान प्रांतात शीश्वांगबान्ना म्हणून डोंगराळ भाग आहे, तिथे जंगलं जाऊन रबर आलं. २००८ च्या सुमारास तिथल्या मातीतली ओल मोजणाऱ्यांना असं दिसलं की मूळ झाडोरा पहिल्या पावसाची वाट पाहतो, पण रबराची मुळं पावसाशिवायच, दिवस मोठा होऊ लागला की, वसंतसंपाताच्या सुमारास जोराने पाणी ओढू लागतात. वसंतसंपात म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा. आमच्याकडे झरीची धार बारीक होते ते हेच दिवस. आमच्याकडची अशी एक रबराची बाग मी प्रत्यक्ष पाहिली. ती सुंदर आहे, आणि हे लिहिताना मला त्रास होतो. सरळ खोडांच्या रांगा, कोवळ्या पानांतून येणारा तांबूस उजेड, खोडाला बांधलेल्या वाट्यांत ठिबकणारा पांढरा चीक. फक्त तिथे आवाज नव्हता. बाजूच्या रानात कुर्टुक ओरडत होता, भेरली माडाच्या घडावर काहीतरी फडफडत होतं, आणि बागेची हद्द ओलांडली की सगळं थांबायचं.

सड्याबद्दल बोलल्याशिवाय हे पुरं व्हायचं नाही, कारण झरीचा हिशेब खरा तिथे सुरू होतो. सातबाऱ्यावर सडा म्हणजे पोटखराबा. काळा, उघडा, मार्चमध्ये पाय भाजणारा जांभ्याचा कातळ. जंगल नाही, शेत नाही, म्हणून कोणाच्याच लेखी काही नाही. पण जांभा अंगानेच सच्छिद्र. पावसात सड्यावर पाण्याच्या तळ्या होतात, त्यांत गेंद आणि सीतेची आसवं फुलतात, आणि कातळाच्या भेगा-नळ्यांतून पाणी खाली उतरत जाऊन तळच्या चिकणमातीशी अडतं. तिथून ते आडवं सरकतं आणि जिथे डोंगराचा उतार त्या थराला कापतो तिथे बाहेर येतं. कोकणातल्या कितीतरी वाड्या म्हणूनच सड्याच्या काठाखाली वसल्यात. सड्याला खराबा म्हणणाऱ्या माणसाने त्या वाडीची एक कळशी भरून पाहावी. गेल्या काही वर्षांत रत्नागिरीपासून खाली सगळीकडे सड्यावर सुरुंग आणि ब्रेकर लावून खड्डे पाडतात, त्यांत बाहेरची माती भरतात आणि आंबा लावतात. त्या आंब्याला पाणी कुठून द्यायचं, तर खालच्या विहिरीतून वर पंपाने चढवायचं. जिथून पाणी खाली उतरत होतं तिथेच ते वर ओढायचं.

पाणी राहिलेली जागा कशी असते हेही मी पाहिलंय. आमच्याच तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याला भालांडेश्वराची राई आहे. रानजायफळांची दलदल, महाराष्ट्रात अशी जागा विरळाच. राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिलाय. एप्रिलमध्ये तिथे गेले तर बाहेर उन्हाने डोकं भणभणत होतं आणि आत शिरल्यावर चपला चिखलात रुतल्या. रानजायफळाची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात आणि गुडघ्यासारखी वाकून पुन्हा आत जातात. अशी शेकडो गुडघ्यांची रांग, त्यांच्यामधून चालणारं नितळ पाणी, त्यात हातभर लांब काळ्या सावल्या. बारमाही पाण्याशिवाय हे झाड इथे उभं राहू शकत नाही, आणि त्या झाडोऱ्याशिवाय पाणी असं टिकलं नसतं. घाटावर आंबोलीलाही असंच आहे. हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या कुंडात एक छोटा मासा सापडला, शिस्तुरा हिरण्यकेशी, २०२० मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली आणि दुसऱ्याच वर्षी ती जागाही वारसा स्थळ झाली. एका झऱ्याच्या उगमापुरतं एका जिवाचं जग. या दोन्ही जागा वाचल्या त्या देवामुळे. आमच्या झरीवरचा देवचार मात्र जमिनीच्या वाटण्या झाल्या तेव्हा कोणाच्याच वाट्याला आला नाही.

कायदा नाही असं नाही. सावंतवाडी-दोडामार्गच्या वन्यजीव पट्ट्यात झाडं तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्येच मनाई केली. पण इथलं बरंचसं रान खाजगी मालकीचं, आणि रात्रीतून साफ झालेल्या उताराचा पंचनामा होईपर्यंत तिथे खड्डे खणून झालेले असतात. त्यात मोजणारे वरून मोजतात. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या चित्रांवरून देशाचं वनाच्छादन काढतं. एक हेक्टर जागेवर झाडांच्या माथ्यांनी दहा टक्के जमीन झाकली की ती वनाच्छादनात धरली जाते, मग झाड कोणतं आणि जमीन कोणाची हे पाहत नाहीत. म्हणजे मामाची काजूची बाग, शेजाऱ्याचं रबर आणि भालांडेश्वराची राई त्या नकाशावर एकाच रंगात येतात. मामा पायरीवर बसून जे म्हणत होता तेच दिल्लीचा अहवालही म्हणतो, डोंगर तर हिरवागार आहे. वनाच्छादन मोजतात तसे प्रत्येक तालुक्यातले झरे मोजावेत, कोणती धार कोणत्या महिन्यापर्यंत चालते ते लिहून ठेवावं, असं मला फार वाटतं. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला ते तोंडपाठ असतं.

हे सगळं मी मामाला फोनवर सांगितलं, जमेल तसं. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, पातेरा जाळायचो नाही म्हणतेस, तर बी वेचायची कशी? याला माझ्याकडे एक उत्तर होतं, झाडाच्या विस्ताराखाली जाळी अंथरायची. काहीजण तसं करतातही. त्याने जाळीचा भाव विचारला. मग फोन मामेभावाकडे दिला. झरीच्या वरचा तुकडा आता त्याच्या नावावर आहे. तिथलं जुनं रान काढून रबर लावायचा त्याचा विचार पक्का होत आलाय. त्याला दोन मुली आहेत, दोघी खासगी शाळेत जातात. "ताई, तू सांगतेस ते मला पटतंय," तो म्हणाला, "पण त्या रानातून मला वर्षाला रुपया येत नाही. झर वाहिली तर सगळ्या वाडीला पाणी, आणि नुकसान एकट्याचं माझं." यावर त्याला खोडून काढण्यासारखं माझ्याजवळ काहीच नव्हतं. वाडीतल्या ज्या घरांना त्या झरीचं पाणी जात होतं त्यांनी मिळून त्याला दरवर्षी काही द्यावं, असं मी सुचवलं. बोअरच्या विजेचं बिल आता सगळेच भरतात, त्यातलंच थोडं. मामी मागून ओरडली की शेजारची वहिनी देईल, पलीकडचे भाऊ देणार नाहीत, त्यांची स्वतःची विहीर आहे.

गेल्या आठवड्यात त्याचा पुन्हा फोन आला. रबराच्या पायऱ्या तो खालच्या अंगालाच कापणार आहे, माणसं येऊन चुन्याने खुणा करून गेली. झरीच्या डोक्यावरचा पट्टा तसाच ठेवायला तो तयार झालाय. मी सड्याच्या काठापर्यंत म्हणतेय, तो झरीपासून वीस पावलं म्हणतोय. पावसाआधी जाऊन आम्ही दोघं दोरी घेऊन ते मापणार आहोत.